सँ-व्हेराँ: दोन हजार मीटरवरचा संसार

फ्रान्सच्या आग्नेयेला, इटलीच्या सीमेला लागून असलेल्या ओत-आल्प जिल्ह्यात केरास नावाचे खोरे आहे. या खोऱ्यातले पाणी घेऊन गील नदी एका अरुंद घळीतून खाली उतरते. बाकी तिन्ही बाजूंना डोंगरांचा वेढा. खोऱ्याच्या वरच्या टोकाला, सुमारे २,०४० मीटर उंचीवर, सँ-व्हेराँ हे गाव आहे. ‘युरोपातले सर्वांत उंच गाव’ अशी त्याची ख्याती. स्वित्झर्लंडमधली युफ ही वस्ती याहून उंचावर आहे, पण तिला स्वतःची वेगळी ग्रामपंचायत नाही, एवढ्या फरकावर हा मान टिकून आहे. उंचीची ही चढाओढ पर्यटकांसाठी ठीक. अशा ठिकाणी माणसे शेती करून शतकानुशतके टिकली कशी, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

पहिले कारण ऊन. गाव नैर्ऋत्येकडे तोंड केलेल्या उतारावर आहे आणि पाऊस घेऊन येणारे ढग आधीच्या रांगांवरच रिते होतात. त्यामुळे हवा थंड असली तरी कोरडी आणि स्वच्छ असते. याच उन्हाच्या जोरावर गावकरी एवढ्या उंचीवर राय हे धान्य पिकवत. उन्हाळा इतका आखूड की ऑगस्टच्या सुमारास पेरलेले पीक पुढच्या वर्षी त्याच सुमारास कापणीला येई. म्हणजे पहिले पीक उभे असतानाच दुसरी पेरणी करावी लागे, आणि त्यासाठी दुसरे शेत मोकळे ठेवावे लागे. पाऊस कमी म्हणून डोंगरातल्या ओढ्यांचे पाणी पाट काढून कुरणांपर्यंत आणले जाई.

कापलेले पीकही पुरते वाळलेले नसे. त्याचा उपाय घरांच्या बांधणीत सापडतो. खालचा मजला दगडी, त्यात एकाच छताखाली माणसे आणि गुरे. जनावरांच्या उबेवर कुटुंबाचा हिवाळा निघे आणि ही पद्धत काही घरांत विसाव्या शतकातही चालू होती. दगडी मजल्यावर लार्चचे ओंडके रचून उभारलेले उंच कोठार असे. त्याला दक्षिणेकडे लांबलचक सज्जे असत. पेंढ्या या सज्ज्यांत उन्हाला लावून ठेवायच्या, मग आत घ्यायच्या. बाकीच्या कोठारात हिवाळ्याचे गवत भरलेले. एवढे लाकूड आणि गवत म्हणजे आगीला आमंत्रणच. म्हणून गाव एकसलग न बांधता वेगवेगळ्या वाड्यांत विभागले गेले आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडली गेली. लाकडी डोणीत पडणारे वाहते पाणी आणि भाकऱ्या भाजायची सामाईक भट्टी यांभोवती इथला रोजचा व्यवहार फिरत असे.

गावाच्या वर, क्लोझीच्या बाजूला, तांब्याची खाण आहे. तिथे सुमारे ४,००० वर्षांपूर्वी, कांस्ययुगात, खनिज काढले जात होते असे उत्खननांतून दिसून आले आहे. विसाव्या शतकात हीच खाण काही काळ पुन्हा चालली. गावाचे नाव मात्र सहाव्या शतकातले काव्हायोंचे बिशप संत व्हेराँ यांच्यावरून पडले. त्यांनी घायाळ केलेला एक ड्रॅगन उडत इथवर आला आणि मेला, अशी आख्यायिका आहे. वाटेत त्याचे रक्त जिथे जिथे सांडले, तिथे तिथे मेंढपाळांचे मुक्काम पडत गेले म्हणतात. दंतकथा असली तरी प्रोव्हाँसच्या सखल भागातून उन्हाळ्यात वर येणाऱ्या कळपांचा मार्ग ती नेमका सांगते.

राजकीय इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा दिवस २९ मे १३४३ हा होय. दोफिने प्रांताचा अधिपती उंबेर दुसरा कर्जात बुडालेला होता. केराससह ब्रियाँसोंच्या परिसरातल्या डोंगरी गावांनी १२,००० सुवर्ण फ्लोरिन आणि दरवर्षीचा ठरावीक कर देऊन त्याच्याकडून सनद मिळवली. सरंजामी वेठ संपली. सभा भरवणे, आपले प्रतिनिधी निवडणे, कराचा वाटा घरोघरी ठरवणे हे सारे गावांच्या हाती आले. सहा वर्षांनी प्रांत फ्रान्सच्या राजघराण्याकडे गेला तरी सनद कायम राहिली. १७१३ च्या उट्रेक्टच्या तहाने सीमेपलीकडची गावे सव्हॉयला दिली, आणि १७८९ च्या क्रांतीत सर्वच विशेषाधिकारांबरोबर हीही व्यवस्था गेली. साडेचारशे वर्षे टिकलेले हे स्वातंत्र्य राजाच्या कृपेचे नव्हते, ते रोख मोजून घेतलेले होते.

सोळाव्या शतकात खोऱ्यात प्रोटेस्टंट पंथ रुजला. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने त्याचे संरक्षण काढून घेतल्यावर अनेक कुटुंबे परदेशी गेली, उरलेल्यांनी वरवर कॅथलिक होऊन दिवस काढले. आज गावात चर्च आणि प्रोटेस्टंट मंदिर दोन्ही आहेत.

हिवाळ्यात शेतीची कामे थांबत आणि घरातली खाणारी तोंडे जड होत. म्हणून पुरुष बाहेर पडत, कोणी फेरीवाले होऊन, कोणी शिक्षक होऊन. ब्रियाँसों आणि केरासच्या गावांत लिहिण्यावाचण्याचे प्रमाण मोठे होते, आणि ही विद्या खालच्या मुलखात विकली जाई. शरद ऋतूतल्या बाजारात हे मास्तर टोपीत पिसे खोवून उभे राहत: एक पीस वाचन-लेखनाचे, दुसरे गणिताचे, तिसरे लॅटिनचे. उलट दिशेने, इटलीतल्या पीएमाँतहून, कारागीर येत. त्यांच्यातल्या झार्बुला नावाच्या फिरत्या चित्रकाराने एकोणिसाव्या शतकात इथल्या भिंतींवर रंगवलेली सूर्यघड्याळे आजही आहेत.

त्याच शतकाच्या पूर्वार्धात गावाची वस्ती आठशेच्या वर गेली होती. पुढे रस्ते आणि आगगाडी आली तशी हिवाळ्यापुरती बाहेर गेलेली माणसे बाहेरच राहू लागली. स्वस्त धान्य वर पोचू लागल्यावर रायची शेतीही परवडेना. आता कायम राहणारे दोनशेच्या आसपास आहेत. काही गुरे-मेंढ्या, चीज, लाकडावरचे कोरीवकाम आणि मुख्यतः पर्यटन, हिवाळ्यात स्की आणि उन्हाळ्यात पदभ्रमण, यांवर अर्थव्यवहार चालतो. १९७४ मध्ये शातो-रनार शिखराजवळ, सुमारे २,९०० मीटरवर, सूर्याच्या निरीक्षणासाठी वेधशाळा उभी राहिली. पुढे तिथे हौशी खगोलप्रेमी येऊ लागले. १९७७ मध्ये केरास प्रादेशिक निसर्गोद्यान झाल्यापासून नव्या बांधकामांवर जुन्या धाटणीचे बंधन आले. दरवर्षी १६ जुलैला क्लोझीच्या चॅपेलची यात्रा भरते आणि तिला सीमेपलीकडच्या इटालियन खोऱ्यातूनही माणसे डोंगर ओलांडून येतात.