मानीव दिनांक आणि तांड्याचा पुरावा

शासकीय मराठीतील ‘मानीव’ हा शब्द ‘कोरीव’, ‘घडीव’ यांप्रमाणे ‘-ईव’ प्रत्ययाने सिद्ध झालेला आहे. कोरल्यामुळे जसे कोरीव काम, तसा मानल्यामुळेच निर्णायक ठरलेला दिवस तो मानीव दिनांक. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींकरिता हा दिनांक 21 नोव्हेंबर 1961 होय. पूर्वज त्या दिवशी राज्यात कायम वास्तव्यास होते, हे अर्जदारास दाखवावे लागते; आणि जातप्रमाणपत्राविषयीच्या 2000 च्या अधिनियमाने सिद्धीचा भार त्याच्यावरच ठेवला आहे.

अशी मर्यादा मुळातच अन्यायाची आहे, असे म्हणता येणार नाही. राज्य 1 मे 1960 रोजी अस्तित्वात आले; त्याच्या सवलती कोणासाठी, याला काही एक सीमा आवश्यकच होती. दिवस निश्चित नसेल, तर निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर जातो. प्रश्न दिनांकाचा नसून तो सिद्ध करणाऱ्या कागदांचा आहे.

वाशीम जिल्ह्याच्या उदाहरणाने हे स्पष्ट होते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहून नेणे हा या समाजाचा पूर्वापार व्यवसाय. सैन्यांना रसद पुरविणारे तांडे इतिहासात प्रसिद्ध आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी आली, वाहतूक हातची गेली आणि तांडे हळूहळू स्थिरावले. परंतु वस्ती झाली म्हणून सातबारा झाला, असे नव्हे. गावातील कुणब्याला शेताचा उतारा, कोतवाल बुकातील जन्मनोंद व शाळेचा दाखल-खारीज उतारा अशी कागदांची साखळी दाखविता येते. ज्या तांड्यात जमीन नाही आणि शाळेत गेलेली पहिलीच पिढी आहे, तेथे ही साखळी तुटलेली असते.

त्यात राज्यकारभाराची स्थित्यंतरे भर घालतात. 1905 मध्ये जुना वाशीम जिल्हा मोडून अकोल्यात विलीन झाला. तो पुन्हा झाला 1 जुलै 1998 रोजी. म्हणजे मानीव दिनांकास वाशीम जिल्हा अस्तित्वातच नव्हता. वऱ्हाड 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होते, तर पैनगंगेपलीकडचा मुलूख हैदराबाद राज्यात. नदी ओलांडून वस्ती हलविणाऱ्या कुटुंबाच्या खुणा दोन दप्तरांत विखुरल्या. त्यांपैकी निजामी दप्तर उर्दूत. एकाच समाजाला कोठे बंजारा, कोठे लमाण, कोठे लंबाडा म्हटले गेले. शासनाच्या यादीत ही नावे एकत्र आली, तरी जुन्या नोंदीतील अक्षर आणि आजचा अर्ज यांचा मेळ घालण्याचे काम अर्जदारावरच पडते. भटक्या-विमुक्तांच्या कागदपत्रांची ही उणीव केंद्राच्या रेणके आयोगानेही 2008 च्या अहवालात नोंदविली.

यावरून एक भेद लक्षात येतो. दिनांक सर्वांना सारखा असतो. पुरावा सर्वांपाशी सारखा नसतो. ज्याच्या जीवनपद्धतीत कागदाला स्थान नव्हते, त्याच्याकडेच सर्वांत जुना कागद मागणे ही समता केवळ शब्दापुरती उरते. 2012 च्या नियमांत दक्षता पथकामार्फत चौकशीची तरतूद आहे. तांड्याचे नायक व शेजारगावचे वृद्ध यांच्या साक्षीला तीत योग्य वजन मिळाले, तर दिनांक न हलविताही न्याय साधेल. दिवस मानीव असू शकतो. त्या दिवशी तेथे राहणारी माणसे मात्र मानीव नव्हती.