सिएनाचा नऊ पाकळ्यांचा चौक

इटलीच्या तस्कनी प्रांतांत तीन टेकड्यांच्या पाठींवर सिएना हें जुनें नगर वसलें आहे. या टेकड्यांच्या उतरणी जेथें एकत्र येतात, त्या खोलगट जागीं नगराचा मुख्य चौक आहे. त्याला ‘पिआत्सा देल काम्पो’, म्हणजे मैदानाचा चौक, असें म्हणतात. चौक म्हटला कीं चार बाजू व चार कोपरे डोळ्यांपुढें येतात. परंतु हा चौक उघडलेल्या शिंपल्याच्या आकाराचा असून त्याची जमीन उतरत उतरत नगरसभेच्या वाड्याच्या पायथ्याशीं येऊन पोंचते.

या चौकाची घडण कोणा राजाच्या लहरीनें झालेली नाहीं. इ. स. १२८७ पासून १३५५ पर्यंत सिएनाचा कारभार ‘नऊ जणां’च्या मंडळाकडे होता. हे बहुधा व्यापारी व सावकार असत. त्यांची मुदत अवघी दोन महिन्यांची असे. ती संपली कीं दुसरे नऊ येत. घराण्याघराण्यांतील वैरानें इटलींतील नगरें त्या काळीं पोखरलीं होतीं, आणि सत्ता एका हातीं फार दिवस राहूं नये, हा या अल्प मुदतीमागील हेतु होता.

या मंडळाच्याच अमदानींत, १२९७ सालीं, एक लक्षांत ठेवण्याजोगा नियम झाला. चौकाकडे तोंड करून जो कोणी घर बांधील, त्यानें खिडक्या लहान स्तंभांनीं विभागलेल्या ठेवाव्या, व सज्जे पुढें काढूं नयेत, असें ठरलें. घर ज्याचें त्याचें, पण त्याचा दर्शनी भाग सर्वांचा, हें तत्त्व येथें कायद्यांत उतरलें. आजहि तेथील इमारतींची ओळ एका सुरांत दिसते, ती यामुळेंच.

नगराजवळ मोठी नदी नव्हती. म्हणून सुमारें २५ किलोमीटर लांबीचे बोगदे भूगर्भांत खोदून पाणी आणण्यांत आलें. १३४२ सालीं तें चौकांत पोंचलें, आणि तेथील कारंज्यास ‘आनंदाचें कारंजें’ असें नांव पडलें. पुढें याकोपो देल्ला क्वेर्चा या शिल्पकारानें तें संगमरवरी मूर्तींनीं सजविलें. त्याचें काम झिजूं लागल्यामुळें १८६८ पासून तेथें प्रतिकृति उभी आहे.

वाड्याशेजारचा सुमारें ८८ मीटर उंचीचा विटांचा मनोरा १३३८ ते १३४८ या काळांत उठला. पैसे उधळणाऱ्या एका घंटावाल्याच्या टोपणनांवावरून त्यास ‘मांज्याचा मनोरा’ म्हणतात! वाड्यांतील नऊ जणांच्या दालनांत आंब्रोज्यो लोरेंझेत्ती यानें १३३८-३९ मध्यें सुराज्याचीं व दुराज्याचीं भित्तिचित्रें काढलीं. एकीकडे नांदतें नगर व पिकलेलीं शेतें, दुसरीकडे दरोडे व ओसाड रानें. या दोन देखाव्यांच्या मध्यें बसूनच कारभाऱ्यांना आपले निर्णय घ्यावे लागत.

१३४८ सालीं काळ्या मरीनें सिएनावर घाला घातला. लोकसंख्येचा फार मोठा भाग नष्ट झाला. मुख्य देवालयाचा प्रचंड विस्तार अर्धवट राहिला, व त्याच्या रित्या भिंती आजहि उभ्या आहेत. तरीहि चौकाची फरसबंदी लोकांनीं सोडली नाहीं. १३४९ सालीं ती पुरी झाली. लाल विटांच्या त्या भूमीचे पांढऱ्या दगडांच्या रेषांनीं नऊ भाग केले आहेत. नऊ जणांच्या राज्याची ही खूण मानली जाते.

तें राज्य मात्र फार टिकलें नाहीं. त्यांनीं वरच्या सरदारांस जसें दूर ठेवलें, तसेंच खालच्या कारागिरांसहि. १३५५ सालीं सम्राट चौथा चार्ल्स नगरांत आला असतां हे दोन्ही वर्ग एकत्र उठले व नऊ जणांची सत्ता संपली. बरोबर दोनशें वर्षांनीं, १५५५ सालीं, दीर्घ वेढ्यानंतर सिएनाचें स्वातंत्र्यहि गेलें. चौक मात्र लोकांच्याच हातीं राहिला. दरवर्षीं २ जुलै व १६ ऑगस्ट या दिवशीं नगराच्या सतरा पेठांपैकीं दहांचे घोडे त्याच्याभोंवतीं तीन फेऱ्या धांवतात. खोगिराविना बसलेल्या स्वारांची ती शर्यत पाहण्यास सारें नगर त्या नऊ पाकळ्यांवर गोळा होतें. ज्यांना कारभारांत जागा मिळाली नव्हती, त्यांचे वंशजहि त्या गर्दींत असतातच.