आपत्तीतील प्रामाणिक जनसंपर्क म्हणजे काय?

दुर्घटनेच्या वेळी सरकारी यंत्रणा लोकांशी कशा बोलतात, यावर अनेकांचे जीव अवलंबून असतात. प्रामाणिक जनसंपर्काचा नियम साधा आहे: जे नक्की माहीत आहे ते लगेच सांगा, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा आणि माहिती बदलली तर तेही स्वतःहून सांगा.

जर्मनीतील म्युनिकचे उदाहरण पाहू. २२ जुलै २०१६ रोजी तिथे एका शॉपिंग सेंटरच्या परिसरात गोळीबार होऊन ९ जणांचा बळी गेला. थोड्याच वेळात शहरात इतर ठिकाणीही हल्ले झाल्याच्या अफवा पसरल्या. होफब्रॉयहाउस या प्रसिद्ध बिअर हॉलमध्ये हल्ला झालाच नव्हता, तरी पळापळीत लोक जखमी झाले.

पोलिसांनी ट्विटरवर जर्मन, इंग्रजी, फ्रेंच आणि तुर्की भाषांत सूचना दिल्या. पोलिसांच्या हालचालींचे फोटो किंवा व्हिडिओ टाकू नका, अशी विनंती केली. प्रत्यक्षदर्शींच्या सांगण्यावरून हल्लेखोर तीन असावेत, असा संशय त्यांनी सुरुवातीला व्यक्त केला होता. तपासानंतर हल्लेखोर एकटाच होता, हेही त्यांनीच मध्यरात्रीनंतर जाहीर केले.

म्हणजेच आधीची माहिती बदलली म्हणून यंत्रणा खोटे बोलली, असे होत नाही. बदल उघडपणे सांगणे, हाच प्रामाणिकपणा. आपली जबाबदारी एवढीच: अधिकृत खात्यावरील ताजी पोस्ट तपासा, तिची वेळ पाहा आणि खात्री नसेल तर फॉरवर्ड करू नका.