गिग कामगारांची सामाजिक सुरक्षा (भारत)

एका मालकाकडे महिना पगारावर न राहता कामागणिक मोबदला घेणाऱ्या श्रमिकास गिग कामगार म्हणतात. मोबाइल अ‍ॅपवरून मिळणारी प्रवासी वाहतूक, घरपोच जेवण व किराणा, पार्सल, घरगुती दुरुस्ती, सौंदर्यसेवा ही यातली ठळक कामे. अशी कामे करणाऱ्यांना सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ‘प्लॅटफॉर्म कामगार’ आणि ग्राहकाशी त्यांची गाठ घालून देणाऱ्या कंपनीला ‘अ‍ॅग्रिगेटर’ म्हटले आहे. नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मधील गिग कामगारांची संख्या ७७ लाख धरली असून २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटींवर जाईल, असा अंदाज आहे.

कंपनीच्या कागदावर हा श्रमिक ‘पार्टनर’ असतो. दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे, मोबाइलचा डेटाही त्याचाच. मात्र दर किती, ऑर्डर कोणाला आणि इन्सेन्टिव्हसाठी किती फेऱ्या, हे सारे कंपनीचे सॉफ्टवेअर ठरवते. ऑर्डर पडेपर्यंत हॉटेलबाहेर ताटकळण्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. दर घसरले की तेवढ्याच कमाईसाठी लॉगिनचे तास वाढतात आणि रस्त्यावरचा धोकाही वाढतो. रेटिंग घसरले किंवा ग्राहकाने तक्रार केली की आयडी ब्लॉक होतो. तेव्हा दाद मागायला समोर माणूस नसतो. कामाची वेळ स्वतः निवडता येते हे खरे आहे, पण दरावर काहीच अधिकार नसल्याने ती निवड फार पुरत नाही. कायद्याने तो ‘कर्मचारी’ ठरत नसल्यामुळे किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, उपदान यांपैकी काहीही त्याला आपोआप लागू होत नाही.

ठरावीक मालक नसलेल्या श्रमिकाला संरक्षण कसे द्यायचे, याचे एक उत्तर महाराष्ट्राने अर्धशतकापूर्वीच दिले होते. मुंबईच्या बाजारपेठांत पाठीवर माल वाहणारा हमाल दिवसभरात अनेक व्यापाऱ्यांचे काम करी. त्यामुळे त्याचा मालक म्हणून कोणीच पुढे येत नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्यानुसार मालक, कामगार आणि शासन यांच्या प्रतिनिधींचे मंडळ स्थापन होते. व्यापारी आणि कामगार दोघांचीही तेथे नोंदणी होते. मजुरी आणि तिच्यावरील टक्केवारीची लेव्ही व्यापारी मंडळात भरतो. मंडळ कामगाराला मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, वैद्यकीय मदत असे लाभ देते. मालक एक की शंभर, हा प्रश्नच त्यामुळे गौण ठरतो. बनावट माथाडी आणि खंडणीच्या तक्रारींनी अलीकडे या व्यवस्थेला डाग लागला आहे. तरी तिचे मूळ तत्त्व खरे आहे, आणि गिग कामगारांबाबत ते अधिकच सोपे आहे. हमालाच्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवणे अवघड होते. अ‍ॅपवर मात्र प्रत्येक ऑर्डरची नोंद, वेळ आणि रक्कम आधीच साठलेली असते.

हेच तत्त्व राजस्थानने जुलै २०२३ मध्ये मंजूर केलेल्या कायद्यात उतरले. गिग कामगारांसाठीचा हा देशातला पहिला स्वतंत्र कायदा. मजदूर किसान शक्ती संघटन आणि कामगार संघटनांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क, कामगारांची नोंदणी, कल्याण मंडळ आणि व्यवहारांवर नजर ठेवणारी संगणकीय प्रणाली, अशी त्याची रचना आहे. त्याच वर्षी डिसेंबरात राज्यात सत्ताबदल झाला आणि अंमलबजावणी रेंगाळली. कर्नाटकाचा २०२५ चा कायदा आणखी पुढे गेला. कामगाराला मिळणाऱ्या मोबदल्याच्या १ ते ५ टक्के शुल्क कंपनीने भरायचे, हा त्याचा एक भाग. त्याहून मोलाची तरतूद म्हणजे काम बंद करण्यापूर्वी कारणासह १४ दिवसांची नोटीस, आणि कामाचे वाटप व रेटिंग करणारी स्वयंचलित प्रणाली कशी चालते हे कामगाराला कळवण्याचे बंधन. अपघातानंतर विमा उपयोगी पडतो. रोजच्या कामातला अन्याय मात्र अशाच तरतुदींनी आटोक्यात येऊ शकतो.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार अ‍ॅग्रिगेटरने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत द्यायची आहे, पण कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्यातून जीवन व अपंगत्व विमा, आरोग्य व प्रसूती लाभ, वृद्धापकाळ संरक्षण अशा योजना आखता येतात. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात सुमारे १ कोटी गिग कामगारांना ई-श्रम ओळखपत्र आणि प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा लाभ देण्याची घोषणा झाली होती. चार श्रमसंहितांपैकी गिग कामगारांचा नावानिशी विचार याच एकीत आहे. दराचा तळ आणि कामाच्या तासांची मर्यादा ती ठरवत नाही, ही तिची मोठी उणीव.

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या मसुदा नियमांत लाभासाठी वर्षात एका कंपनीकडे किमान ९० दिवस, किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम झालेले असावे, अशी अट होती. अशी अट ठेवायची तर आयडी ब्लॉक करण्याच्या कंपनीच्या अधिकारावरही बंधन हवे. अन्यथा दिवस भरत आलेल्या कामगाराची पात्रता कंपनीच्याच हाती राहते.