शकुंतला पूर्ववत म्हणजे कशी?

‘यवतमाळ-मूर्तिजापूर गाडी पूर्ववत सुरू करा’ ही मागणी आपण सर्वांनी ऐकली आहे. ती न्याय्य आहे, असेच आमचे मत. परंतु ‘पूर्ववत’ म्हणजे केव्हासारखी, याचा उलगडा केल्याखेरीज मागणीला नेमकेपणा यायचा नाही. कारण शकुंतलेची पूर्वस्थिती एकच नव्हती.

पहिली स्थिती परक्यांच्या व्यापाराची. किलिक निक्सन या विलायती पेढीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. अडीच फूट रुंदीचा, ११३ किलोमीटरचा हा लोहमार्ग आपल्या सोयीसाठी घातला गेला नाही. येथला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढवावा आणि मुंबईच्या बंदरातून मँचेस्टरला न्यावा, हा त्यामागचा हिशेब. देशातील रेल्वे सरकारजमा झाल्यावरही हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाडी मात्र सरकारी रेल्वे चालवी. ही पूर्वस्थिती परत यावी, असे कोण म्हणेल?

मग इंजिन जुने हवे काय? मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबले. त्यानंतर डिझेल इंजिन आले. त्यामुळे दारव्ह्याच्या वा कारंज्याच्या उतारूंनी ‘ही आमची शकुंतला नव्हे’ म्हणून गाडी सोडली नाही. मोटारीहून स्वस्त भाडे आणि गावाजवळचा थांबा, हीच त्यांच्या लेखी शकुंतला. पुढे गाडीच बंद पडली, तेव्हा गेले ते हे.

पोलंडमधील वॉर्सा शहराचा जुना भाग १९४४ साली जर्मनांनी उद्ध्वस्त केला. लोकांनी तो पुन्हा उभारला. दर्शनी भिंती जुन्या वळणाच्या, आतील घरे मात्र नव्या राहणीची. जुनेपण राखले, पण राहणाऱ्यांसाठी.

आम्हां कामगारांना हा विचार नवा नाही. कामावरून काढलेला मजूर लढून परत लागतो, तेव्हा जुनेच यंत्र आणि जुनाच मुकादम द्या, असा हट्ट आम्ही धरीत नाही. नोकरीची सलगता आणि बुडालेला पगार मागतो. पूर्ववत व्हायचा असतो तो हक्क.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब रुंद मार्ग सुरू झाला. तो पुढे यवतमाळ, दारव्हा, पुसद करीत नांदेडला जोडावयाचा आहे. त्याचे स्वागतच करू. पण कारंजा-मूर्तिजापूरच्या उतारूची वाट त्याने उघडत नाही. म्हणून शकुंतलेचा मार्ग रुंद करा, इंजिन विजेचे आणा, आमची हरकत नाही. मात्र लहान स्थानकांवरचा थांबा आणि गरिबाला परवडणारे भाडे, ही दोन कलमे मागणीपत्रात सर्वांत वर लिहिली गेली पाहिजेत.