चारही चाकांस गति

मोटारगाडीस चाकें चार असलीं, तरी सामान्यतः त्यांतील दोनच चाकांस इंजिनाची शक्ति मिळते. उरलेलीं दोन केवळ भार वाहतात. चिखलांत वा वाळूंत त्या दोन चाकांची पकड सुटली, कीं इंजिन कितीही बलवान् असो, गाडी जागच्या जागीं रुतून बसते. मग चारही चाकांस शक्ति कां देऊं नये? हा विचार सुचावयास सोपा आहे. परंतु प्रत्येक चाक वळणावर निराळ्या वेगानें फिरतें, आणि तें वेगळेपण सांभाळतांनाच कल्पकांची खरी कसोटी लागली.

इंग्लंडांत ब्रामा डिप्लॉक ह्या इंजिनियरानें १८९३ सालीं वाफेच्या गाडीकरितां अशा योजनेचें पेटंट घेतलें. १९०३ सालीं हॉलंडांतील स्पायकर बंधूंनीं चारही चाकांस गति देणारी पेट्रोलची मोटार तयार केली. पुढच्या चाकांची अडचण दुहेरी होती : त्यांनीं गाडी ओढावयाची आणि वळावयाचेंही. अमेरिकेंतील क्लिंटनव्हिल गांवच्या ओटो झाकाव व विल्यम बेसरडिक ह्यांनीं १९०८ च्या सुमारास, चाक वळलें तरी त्यास फिरवीत राहणारा सांधा बनविला. पहिल्या महायुद्धांत त्यांच्या पद्धतीचे ट्रक हजारोंनीं आघाडीवर गेले.

१९४० सालीं बॅन्टम कंपनीनें ४९ दिवसांत जीपचा पहिला नमुना अमेरिकन सैन्यास करून दिला. पुढें विलिस व फोर्ड ह्यांनीं मिळून सहा लक्षांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. १९४७ पासून मुंबईंत महिंद्रांनीं विलिस जीप जुळविण्यास आरंभ केला, आणि हें वाहन आपल्याकडील कच्च्या वाटांसही परिचित झालें.

जीपचीं पुढचीं चाकें गरजेप्रमाणें एका दांड्यानें जोडतां येतात. तीं जोडलेलीं ठेवून डांबरी रस्त्यावर वळण घेतलें, कीं स्टिअरिंग जड होतें, टायर घासतात आणि दांडा जागचा हालत नाहीं. गिअर तुटला, असें चालकास वाटतें. वास्तविक कांहींच तुटलेलें नसतें. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां अधिक अंतर कापतात; पण दोन्ही आंस तर एकमेकांशीं घट्ट बांधलेले. चिखलांत चाकें थोडीं घसरून हा हिशेब चुकता करितात; कठीण रस्त्यावर तो शाफ्टांत पीळ होऊन सांचतो. गाडी सरळ रेषेंत कांहीं हात मागें घेतली, कीं बहुधा पीळ उलगडतो व दांडा सुटतो. पुढच्या-मागच्या टायरांचा घेर असमान असल्यास सरळ रस्त्यावरही हीच पीडा उद्भवते. म्हणून गिअर उघडण्यापूर्वीं टायर मोजून पाहावे. दुर्लक्ष केल्यास मात्र एखादे दिवशीं गिअर खरोखरच तुटतो.

ह्यावर उपाय म्हणजे दोन्ही आंसांमध्यें आणखी एक डिफरेन्शियल, म्हणजे कमीअधिक वेगास वाव देणारी दंतचक्रांची रचना. १९६६ ची जेन्सन व १९८० ची ऑडी क्वाट्रो ह्यांनीं ती नित्याच्या रस्त्यावर आणली. परंतु जें चाक घसरतें, त्याच्याकडेच ह्या रचनेंत सारी गति धांवते. म्हणून क्वाट्रोंत ती अडकवून टाकण्याचीही सोय ठेवावी लागली.

चिखलांत चाकें बांधावीं व कठीण रस्त्यावर मोकळीं सोडावीं, हा शंभरांहून अधिक वर्षांच्या खटपटीचा निष्कर्ष होय. तो ध्यानीं ठेवणाऱ्या चालकास कारखान्याची पायरी क्वचितच चढावी लागेल.