आधी पाट, मग गणपती

नवं सॉफ्टवेअर पूर्ण लिहायच्या आधी चार गिऱ्हाइकांना दाखवून घ्यावं, असं आमच्या धंद्यात हल्ली फार गंभीर चेहऱ्याने सांगतात. मला अशा वेळी हमखास गणपतीचा पाट आठवतो.

कोकणातल्या कित्येक घरांत अजूनही चतुर्थीच्या आधी लाकडी पाट मूर्तिकाराकडे नेऊन देतात. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि त्याच पाटावरून घरी येते. जितके पाट, तितके गणपती. उरण्याचा प्रश्नच नाही!

पण गिरगावातला किंवा पुण्यातला माणूस पेणला पाट कसा पोचवणार? १८९० च्या दशकात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, पुढे शहरांतली मागणी वाढत गेली आणि पेण, हमरापूर, जोहे इथले कारखाने न पाहिलेल्या गिऱ्हाइकासाठी वर्षभर मूर्ती करू लागले. बोटीने परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर पावसाळ्याआधीच निघतात. म्हणजे कोणाला काय आवडेल हे कित्येक महिने आधी ओळखायचं.

इथे खरा जुगार साच्याचा. कलाकार हाताने मातीचा नमुना करतो, त्यावरून साचा निघतो आणि मग एकासारख्या एक मूर्ती. नमुना फसला तर तोही शेकड्यांनी फसतो. म्हणून नवा नमुना आधी व्यापाऱ्यांना दाखवायचा, त्यांचा कल बघायचा. किंवा सरळ टीव्हीकडे बघायचं. २०१४ मध्ये 'जय मल्हार' मालिका सुरू झाली आणि खंडोबाच्या रूपातले गणपती घरोघर दिसू लागले. पुढे बाहुबली आला. भाविकांना हे रुचो न रुचो (मला फारसं रुचत नाही), पण मागणीची चाचणी दुसऱ्याच कोणीतरी स्वतःच्या खर्चाने करून दिलेली असते, हे कबूल करायला हवं.

मला सगळ्यात हुशारीची वाटते ती कच्च्या मूर्तींची विक्री. न रंगवलेली पांढरी मूर्ती व्यापारी घेऊन जातो. पितांबराचा रंग, दागिने, डोळ्यांची आखणी तिकडेच. गिऱ्हाईक जे बघून भाळतं, ते शेवटच्या क्षणापर्यंत बदलता येतं.

पण उंची आणि माती? ती आखणीसारखी मागे ठेवता येत नाहीत. जुलै २०२० मध्ये करोनामुळे सरकारने घरगुती मूर्तीला २ फूट आणि सार्वजनिक मूर्तीला ४ फूट अशी मर्यादा घातली. चतुर्थी होती २२ ऑगस्टला. उंच मूर्ती तोवर तयार होत्या. गिऱ्हाइकाला त्या नको झाल्या होत्या असं मुळीच नाही. आता कितीही नमुने दाखवा, काय उपयोग?

२०२५ मध्ये पुन्हा तेच. जानेवारीच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरची बंदी काटेकोरपणे पाळायला सांगितलं. साचे तेच, हात तेच, पण प्लास्टर ओतायचं की शाडू दाबायचा? शेवटी ९ जूनला मूर्ती करायला परवानगी मिळाली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मात्र नाही. चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे हातात ११ आठवडे. त्यात पेणचा पाऊस, आणि शाडूची ओली मूर्ती त्या दिवसांत लवकर वाळत नाही.